ईरण्णाच्या आवाजाला पडलेलं भोक

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंप्युटर चालू केला आणि माझा भाऊ त्यात नव्हता. थाप वाटेल, वाटू द्या. माझ्या, म्हणजे गुरुलिंग अप्पाच्या, तोंडून लातुरात आजवर कुणी खरं ऐकलेलं नाही, आणि मीही कुणाची तशी आशा वाढवलेली नाही. पण त्या सकाळी पडद्यावर 'ईरण्णा' नावाचं फोल्डर होतं, जागच्या जागी होतं, दोनदा टिचकी मारली की उघडत होतं, आणि आत पांढरंफटक. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं: शून्य नग. नग! भांड्याच्या दुकानात ज्याचं आयुष्य गेलं त्याला नग म्हणजे काय हे एका डब्यानं शिकवावं? मी फोल्डर बंद केलं, परत उघडलं, परत बंद केलं, जसं रिकाम्या खिशात माणूस पुन्हा पुन्हा हात घालतो, आणि दर वेळी राग एकेक पायरी वर चढला. पोटातून छातीत, छातीतून कानशिलांत. टेबलाखालून आवाज येत होता. कट्. मग थोडं थांबून पुन्हा कट्, कट्. अडकित्त्यात सुपारी फुटता फुटता सटकावी तसा. मी टेबलाला लाथ घातली. आवाज थांबला, आणि माझी लाथ लागू पडली असं वाटतंय तोवर पुन्हा सुरू झाला.

ईरण्णा म्हणजे वीरण्णा, माझा धाकटा भाऊ. तो मेलेला नाही, समोरच होता, दाराजवळच्या खाटेवर उन्हाला पाठ देऊन, गळ्यातल्या भोकापुढं पातळ फडकं बांधून. उन्हाळ्यात त्याच्या घशातली गाठ काढताना डॉक्टरांनी स्वरयंत्रही काढलं. आता तो श्वास गळ्याच्या भोकातून घेतो, आणि बोलतो कशातूनच नाही. ऑपरेशन ठरलं तेव्हा त्याची लेक स्वप्नाली, जी नांदेडला कॉलेजात कंप्युटर शिकवते, मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "दोड्डप्पा, आता बोलता येतंय तवर अप्पांचं बोलणं भरून ठेवा. पुढं मशीनला शिकवता येतं. अप्पा फोनवर लिहितील अन् फोन त्यांच्याच आवाजात बोलंल." दोड्डप्पा म्हणजे थोरला बाप. आम्ही मूळचे निलंग्याकडचे, आमच्या घरात कानडी अशी कढीपत्त्यासारखी मधेच दाताखाली येते. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, जिम्मेदारी माझी. पोरीनं घरातल्या जुनाट कंप्युटरात लिनक्स घालून दिलं, म्हणाली फुकट असतं आणि म्हाताऱ्या मशीनलाही पेलवतं. कुठल्याशा मोडीत काढलेल्या मशीनमधली एक मोठी डिस्क आत बसवली, म्हणाली हिच्यात फक्त अप्पांचा आवाज, दुसरं काही ठेवायचं नाही. मग ऑपरेशनपर्यंत रोज दुपारी मी ईरण्णाला समोर बसवला, पितळी तांब्याला माइक बांधला, आणि भरला. तासन् तास भरला. तो आवाज गळ्यातून गेला तरी घरात आहे, टेबलाखाली आहे, या एका गोष्टीवर हे घर उन्हाळ्यापासून उभं होतं. दिवाळीला स्वप्नाली येणार होती, आवाज घेऊन जाणार होती. ईरण्णा कॅलेंडरकडं बघायचा. बघू दे की, मी म्हणायचो मनात, माल तयार आहे.

आणि माल शून्य नग.

फोन केला तर पोरगी कुठल्याशा वर्गाच्या दारात उभी होती, मागं पोरांचा कालवा. म्हणाली, "दोड्डप्पा, घाबरू नका. ती काळी खिडकी उघडा. आता लिहा, एल एस बी एल के." मी विचारलं, याचा उच्चार काय. "उच्चार नसतो त्याला." ज्याला उच्चार नाही ते मी लिहीत नसतो, मी म्हणालो. "दोड्डप्पा!" लिहिलं. एकाच डिस्कचं नाव आलं, दुसरीचा पत्ता नाही. मग तिनं आणखी काहीतरी लिहायला लावलं आणि पडद्यावर ओळींचा पूर सुटला, त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा, एरर, एरर, एरर, पोळ्याला पोरं बैलामागं ओरडत धावतात तसा. मी वाचून दाखवत गेलो. मग म्हणाली, "आतून काही वाजून राहिलंय का?" म्हटलं, अडकित्ता. "बंद करा. आत्ताच्या आत्ता. बटन दाबून धरा. अन् परत चालू करायचं न्हाई, काय बी झालं तरी." मी म्हणालो, अगं फोल्डर तर दिसतंय समोर, मग गेलं कुठं? "ते फोल्डर म्हंजे खुंटी हाय दोड्डप्पा. डिस्क म्हंजे तिच्यावरची पिशवी. मशीन सुरू होताना पिशवी अडकवलीच न्हाई गेली, नुसती खुंटी दिसून राहिली." मग तिनं तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. "कॉपी ठेवली होती ना? मी सांगितलं होतं." ठेवली की, मी म्हणालो, 'ईरण्णा दोन' नावाचं अख्खं फोल्डर केलं. "कुठं?" पहिल्याच्या शेजारी. "त्याच डिस्कवर?" आता शेजारी म्हणजे शेजारीच, दुसऱ्या गल्लीत थोडंच. ती अगदी हळू म्हणाली, "एका डोक्यावरच्या दोन घागरी झाल्या ह्या. बाई पडली की दोन्ही फुटतात." मला त्या घागरींचा इतका राग आला की मी फोन ठेवला नाही, आपटला.

रागाला माणूस लागतो. नुसत्या डब्यावर राग टिकत नाही, पितळेवरच्या पाण्यासारखा ओघळून जातो. डब्याची बाजू उघडून बघतो तर मला माझा माणूस मिळाला. आत डिस्कच्या अंगावर विभूतीची तीन बोटं ओढलेली, ठळक, सरळ, आणि मधोमध कुंकवाचा टिळा. डिस्कला एक बारीक भोक असतं. त्याच्याशेजारी इंग्रजीत लिहिलेलं असतं की हे झाकू नका. टिळा बरोबर त्या भोकावर. मी ओरडलो, "नीलाबाई! ह्याच्या नाकात कुंकू भरलंत तुम्ही!" नीलाबाई म्हणजे ईरण्णाची बायको. खंडेनवमीला आमच्याकडं दुकानातली हत्यारं पुजतात. तराजू, वजनं, छिन्नी, हातोडा, सगळं पुसून, विभूती-कुंकू लावून मांडायचं, त्या दिवशी कशालाच कामाला लावायचं नाही. ती पदराला हात पुसत आली, आत वाकून बघितलं, आणि मान वर केली ती माझ्या वरताण आवाजात. "भावजी, तराजू पुजला, मापं पुजली, नाव घालायचं मशीन पुजलं. ह्यांचा आवाज ज्याच्यात हाय ते न्हाई पुजायचं? मंग काय तुमच्या तोंडाची पूजा करू?" आणि आत हात घालायची काय गरज होती? "मूर्तीला गंध लावतेत का देवळाच्या भिंतीला?" मी आणखी ओरडलो. तिनं दोन्ही हात पदराखाली लपवले, ते मला दिसत होतं. तेच हात रोज सकाळी ईरण्णाच्या गळ्याचं भोक कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसतात, त्यावर काही बसू देत नाहीत, माशीसुद्धा. दिसत होतं म्हणूनच बहुतेक मी थांबलो नाही. मग लक्षात आलं की दाराजवळच्या खाटेवरून सगळं ऐकू जातं. वळून बघितलं. ईरण्णा आमच्याकडंच बघत होता. त्याला कळलं होतं. त्यानं फोन उचलला, एक बोट फिरवलं, आणि माझ्याकडं वळवून धरला. मला वाटलं आता शिवी येते, यावी, बरं वाटेल. फोनवर लिहिलं होतं: चहा.

चहा! माणसाचा आवाज बुडाला, आणि तो चहा मागतो. त्याच्या त्या शहाणपणाचा मला लहानपणापासून राग आहे. कोपऱ्यावर सुदर्शनचं रिपेरिंगचं दुकान आहे. तो आला, त्यानं डिस्क काढली, कानाशी नेऊन हलवली, पेचकसाच्या मुठीनं दोनदा ठोकली, नारळवाला ठोकतो तशी, आणि निदान सांगितलं. "मेली काका. ह्यात राम न्हाई. फारमॅट मारून बघू, डबा तरी कामाला येईल." मी म्हणालो, तुझ्या आज्याला फारमॅट मार. तो हसला. "काका, तुमची ही पण ष्टोरी भारी हाय, डब्यात भाऊ अडकलाय म्हणून." आयुष्यभर थापा मारल्याचा हा मोबदला: खरं बोलायची वेळ आली तर लोक टाळी द्यायला हात पुढं करतात. मी डिस्क त्याच्या हातातून हिसकावली, उपरण्यात गुंडाळली आणि स्टँडवर गेलो.

नांदेडची बस भरली होती पण मला खिडकी मिळाली, आणि मांडीवर ते उपरणं. इष्टलिंग तळहातावर धरतो तसं दोन्ही हातांनी धरलं होतं, कारण प्रत्येक खड्डा मला आता ईरण्णाच्या एकेका शब्दावरून गेल्यासारखा वाटत होता. चाकूरपर्यंत मी ड्रायव्हरवर चिडलो होतो, अहमदपूरपर्यंत रस्त्यावर, मग नुसताच. शेजारी लोह्याला उतरणारी एक बाई बसली होती, मांडीवर वांग्यांची पिशवी. तिनं विचारलं, "काय हाय वं मामा त्याच्यात, एवढं जपून राहिलाव?" आता असा प्रश्न मला विचारावा, म्हणजे बोकडाला पाला दाखवणं. मी म्हणालो, देवणीच्या वळूचं काळीज. ती म्हणाली, "मग बर्फात ठिवायचं की." आणि डोळे मिटले. बस्स. माझी थाप तिच्या मांडीवर पडली आणि वांग्यात मिसळून गेली. हे उन्हाळ्यापासून असंच चाललं आहे. मी थाप मारतो, ती हवेत जाते आणि परत येत नाही, माझं मलाच कळत नाही कुठं चुकतं. पूर्वी असं नव्हतं. आमचं दुकान लातूरच्या बाजारात, गंजगोलाईजवळ होतं. मी गादीवर, ईरण्णा खाली पाटावर, भांड्यांवर नावं घालत. लग्नसराईत रांग लागायची, तो मशीन धरून टर्र टर्र करत कुणाच्या घागरीवर कुणाच्या आत्याचं नाव कोरत असायचा, आणि गिऱ्हाइकाचा वेळ जावा म्हणून मी सांगत असायचो. सगळ्यात गाजलेली थाप बैलाची. आम्ही हाळीच्या बाजारातून एक देवणी बैल घेतला, वानेरा, अंग पांढरं, तोंड काळं. निलंग्याच्या वाटेवर पाणी आलेलं, बैल पुढं पाऊल टाकीना, म्हणून त्याला एसटीत चढवला. कंडक्टर म्हणाला, जनावर आहे, अर्धं तिकीट. बैलाला अपमान वाटला, त्यानं पूर्ण काढलं. आणि तेरणा नदीच्या अलीकडं एक म्हातारी चढली तेव्हा सगळी गाडी बाहेर बघत बसली होती, उठून जागा दिली ती बैलानं. याच्यावर हंडे विकले गेले आहेत, खोटं नाही सांगत. लोक निलंग्याहून यायचे, म्हणायचे अप्पा, बैल सांगा. ईरण्णा मान खाली घालून कोरत असायचा. तो हसायचा की नाही ते आठवेना. बस लोह्याला थांबली, बाई उतरली, जाताना म्हणाली, "काळजाला ऊन लागू देऊ नका." टिंगल करत होती की खरं सांगत होती हेही कळलं नाही, आणि त्याचाही राग आला.

स्वप्नालीनं डिस्क हातात घेतली तशी मी आधी गुन्हेगार हजर केला, हे बघ विभूती, हे बघ कुंकू, तुझ्या आईचं काम. तिनं ओल्या कापसानं भोक पुसलं, उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, "आईनं काही न्हाई केलं. डिस्क म्हातारी हाय दोड्डप्पा. कधी ना कधी जाणारच होती. चूक माझी, मी जुनी बसवली." मला हे मुळीच आवडलं नाही. म्हातारपण हा काही गुन्हा आहे का, की त्याला पकडावं? मी एवढा राग लातूरपासून जपून आणला, खड्ड्यांतून आणला, आणि या पोरीनं त्याचा धनीच काढून घेतला. तिनं आपल्या मशीनला डिस्क जोडली, पंखा डिस्कच्या अंगावर सोडला, आणि काहीतरी चालू केलं. म्हणाली, हे डिस्कवर काही लिहीत नाही, फक्त वाचतं, जिथं वाचता येतं तेवढं आधी उचलून घेतं, अडलं की पुढं जातं, मग परत फिरून अडलेल्या जागी एकेक कण टिपतं. "पडलेल्या घरातून आधी धडधाकट भांडी बाहेर काढतेत, मग फुटकी, तसं." आकडे हळूहळू सरकत होते. मी दिवसभर त्या खोलीत बसून राहिलो. ती मला म्हणाली गुरुद्वाऱ्याला जाऊन या, गोदावरीवर जाऊन या. मी कुठंही गेलो नाही. डिस्क कुरकुरायची, थांबायची, माझा श्वासही थांबायचा, मग परत आकडा हलायचा. मला माझ्या श्वासाचासुद्धा राग आला, की तो नाकातून येतो.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेपर्यंत बहुतेक सगळं निघालं होतं. फायलींची नावं परत आली, रांगेनं, मांडणीवरच्या डब्यांसारखी. मी म्हणालो, लाव. कोणतीही लाव. तिनं लावली आणि खोलीत मी बोलायला लागलो. उत्तम बोलत होतो, सांगतो, आवाज ठणठणीत. म्हटलं, ही सुरुवात आहे, त्याला तोंड उघडायला लावायचं तर आधी मीच थोडं सांगायचो. पुढं सरकव. तिनं सरकवली. मी. दुसरी लाव. मी. तिसरी. मी, आणि कुठं कुठं मधेच, लांबून, तांब्याच्या पलीकडून, "हूं." "हूं?" "मंग?" "आस्सं." "हूं." स्वप्नाली एकेक फाइल उघडत गेली, तिचा चेहरा एकेका फायलीगणिक तिच्या आईसारखा होत गेला. मग ती वळली. "दोड्डप्पा, ह्याच्यात अप्पा कुठं हायत?"

"हे काय, बोलतोय की. हूं म्हणतोय."

"हूं म्हंजे बोलणं व्हय?"

तिथं मी भडकलो. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, बाई, तू कॉलेजात शिकवतेस म्हणून तुला हुंकारा कळतो असं समजू नकोस. गोष्ट तर कुणीही सांगू शकतं, हुंकारा द्यायला माणूस जन्मावा लागतो. हुंकारा नसला की गोष्ट तळ नसलेल्या घागरीत पडते. तुझ्या बापाचा हा पहिला हूं ऐक, हा 'सांग' म्हणतो. हा दुसरा, ओठ न उघडता, हा म्हणतो 'फेकतोयस, पण चालू दे'. हा लांबवलेला, हा म्हणतो 'गिऱ्हाईक वळलं, आता आवर'. याच्यात माणूस नाही म्हणतेस? आख्खा माणूस आहे! तुझ्या मशीनला कान नाहीत! ती शांतपणे ऐकत होती, आणि मी थांबल्यावर म्हणाली, "मला ऐकू येतंय. पण मशीनला वाक्यं लागतेत दोड्डप्पा. अप्पांना आयुष्यभर नुसतं हूं म्हणायचं असंल का आता?" मी म्हणालो, तूच विचार त्याला. आणि मग विचारलं तरी तो कोणत्या आवाजात सांगणार, हे तिच्या लक्षात आलं आणि माझ्याही, आणि तिनं यादी आणखी खाली सरकवली.

शेवटची एक फाइल होती. सगळ्यांत मोठी, डिस्कच्या फुटक्या भागातली, शेवटी कशीबशी निघालेली. तिच्यात मी बैलाची गोष्ट सांगत होतो. कंडक्टर येतो, अर्धं तिकीट म्हणतो, आणि एकदम ईरण्णा ओरडतो. आता मला तो दिवस आठवला. ऑपरेशनच्या आधीचे दिवस, म्हटलं माणूस भ्यालेला आहे, म्हणून चिडला. "बस न्हवती रं! कव्हापासून बस बस करून राहिलास! अन् वानेरा न्हवता त्यो. शेवेरा होता, सगळ्या अंगावर काळे डाग. तू व्हतास का तिथं? तू व्हतास?" त्यावर माझा आवाज: "व्हतो!" मग खुर्ची सरकल्याचा, मग दार. मी निघून गेलो होतो, पानटपरीवर जाऊन बसलो होतो. माइक चालूच राहिला हे मला माहीत नव्हतं. रिकाम्या खुर्चीसमोर ईरण्णा एकटा बोलत होता. बोलत काय होता, जाळ काढत होता. घोगरा, दुखऱ्या घशाचा, पण सलग, वाक्यामागून वाक्य, मला शिव्या, निलंग्याच्या, अस्सल, ज्या आम्ही मठाच्या मागं शिकलो. बाप गेल्यावरच्या शिवगणाराधनेला जमलेल्या जंगमांसमोर मी थाप मारली ती काढली. त्याच्या लग्नात त्याच्या वतीनं नाव मीच घेतलं ते काढलं. "माझ्या तोंडातला घास काढून घेतो, अन् वर म्हणतो चव सांग." मी ऐकत होतो. स्वप्नाली माझ्याकडं बघत नव्हती, उपकार. मग त्याचा आवाज खाली आला. "खरं सांगू का त्या दिवशी काय झालं? तेरणेला..."

कट्. आणि काही नाही. पोकळ, भिंतीएवढं मोठं रिकामपण. मग एकदम मधूनच: "...अन् ह्यो म्हणतो बैलानं तिकीट काढलं." आणि तो रडत होता की खोकत होता, घशाची गाठ असलेल्या माणसाचं ते वेगळं कळत नाही.

"मधलं लाव," मी म्हणालो.

"मधलं न्हाई. तेवढा तुकडा डिस्कवरूनच गेला."

"परत फिरव. टिपून घे म्हणालीस ना एकेक कण."

"फिरवलं दोड्डप्पा. लई वेळा फिरवलं. तिथं भोक हाय."

मी त्या डिस्कला काय काय म्हणालो ते इथं लिहीत नाही. सगळ्या फायली वाचवल्या, माझं बोलणं तासन् तास वाचवलं, कंडक्टर वाचवला, म्हातारी वाचवली, आणि गेलं ते नेमकं तेवढंच. स्वप्नाली म्हणाली, अप्पांचं सलग बोलणं एवढंच आहे, पण मशीनला पुरेल. मग जरा अडखळली. "पण दोड्डप्पा, मशीन जे ऐकतं तसंच बोलतं. ह्याच्यात सगळा राग हाय. अप्पा काय बी लिहितील, फोन रागातच बोलंल." मी म्हणालो, बोलू दे.

पुढल्या रविवारी ती लातूरला आली आणि ईरण्णाच्या फोनमध्ये ते घातलं. आम्ही सगळे खाटेभोवती, नीलाबाई हातात बशी घेऊन. ईरण्णानं नेहमीचा शब्द लिहिला आणि फोन गरजला, "चहा!" असा गरजला की नीलाबाईच्या हातातली बशी खाली पडली. तोच आवाज, घोगरा, तापलेला, वैरी समोर असल्यासारखा. आधी स्वप्नालीला हसू आलं, मग ईरण्णाचे खांदे हलायला लागले, आवाजाशिवाय, फडकं फडफडत. त्यानं पुन्हा लिहिलं. फोन खेकसला, "नीला, कुंकू लावलंस ते बरं केलंस." नीलाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "अवो पण एवढं वरडून बरं म्हणायला काय झालं!" मीही हसलो. हसत होतो तोवर ईरण्णा माझ्याकडं वळला, आणि खाली मान घालून लिहायला लागला. एका अंगठ्यानं. कोरतो तसा, एकेक अक्षर, न घाई, न खोड. मला माहीत होतं शिव्या येणार. मी तयार होतो, मला उलट्या शिव्या येतात.

फोन ओरडला, "बस न्हवती. पूर होता."

आणि थांबला. अंगठा चालला होता. "मी बैल घेऊन एकटाच होतो. तू दुकानात होतास." पुन्हा थांबला. "पाणी कमरेला आलं. मग छातीला." मी तोंड उघडलं. बस होती की! माझी बस, माझा कंडक्टर, इतकी वर्षं चिंचेनं घासून लखलखीत केलेला हंडा, आणि हा समोर बसून तो नदीत बुडवत होता, माझ्याच घरात, त्याच रागीट आवाजात, जो आणायला मी काळजासारखी डिस्क मांडीवर धरून गेलो. "पाय सुटले. शेवेरा म्होरं होता. मी शेपूट धरली." नीलाबाई खाली बसली होती. तिनंही हे कधी ऐकलेलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "मी आई आई म्हणून राहिलो होतो. कुणी ऐकलं न्हाई." आणि अंगठा काचेवर उचललेला राहिला. लिहिणं संपलं नव्हतं. तो माझ्याकडं बघत होता. सांगणारा मधे थांबतो तेव्हा का थांबतो हे या घरात माझ्याइतकं कुणाला कळतं? मला इतका राग आला होता की कानात रक्त वाजत होतं. त्याच्यावर, त्या पुरावर, त्या बैलावर, जो तिकीट न काढता मेला असेल कुठंतरी देवणीकडं. फडकं त्याच्या श्वासानं आत जात होतं, बाहेर येत होतं.

मी दात आवळून म्हणालो, "हूं."

अंगठा खाली आला. फोन गरजला, "मंग ऐक."